होकाराआधीची गृहभेट

हात प्रत्यारोपणासाठी आलेल्या माणसाचं नाव प्रतीक्षायादीत जाण्याआधी त्याच्या घरी जायचं, घर पाहायचं, घरच्यांशी बोलायचं आणि त्याला सगळं नीट समजलं आहे याची खात्री करून घ्यायची, हे माझं काम. पुण्यातल्या एका रुग्णालयात मी वैद्यकीय समाजसेविका आहे. पुढे ज्या कुटुंबाबद्दल लिहिते आहे, त्याची ओळख पटेल अशा खुणा बदलल्या आहेत. गाव मात्र तेच ठेवलं आहे: शिरूर तालुक्यातलं केंदूर. कारण या निर्णयात गावाचाही वाटा असतो.

पहाटे साडेपाच

चहा उकळेपर्यंत फाइल पुन्हा एकदा वाचून काढते. वय २९. दोन वर्षांपूर्वी दोन्ही हात कोपराखाली काढावे लागले. शेतीपंपाला रात्रीची वीज, मधेच पंप बंद पडला आणि हा डीपीतला फ्यूज टाकायला गेला. जोराचा धक्का बसला, दोन्ही हात जळाले, काही दिवसांत ते काढावे लागले. खेड्यांत दोन्ही हात एकदम जाण्यामागे विजेचा धक्का हे मोठं कारण असतं.

फाइलमध्ये रक्तगट आहे, मूत्रपिंड आणि हृदयाच्या तपासण्या आहेत, क्ष-किरण चित्रं आहेत, मानसोपचारतज्ज्ञांचा अहवाल आहे. सगळं व्यवस्थित आहे. माझी काळजी तिथूनच सुरू होते. यकृत किंवा हृदय निकामी झालेल्या माणसापुढे मृत्यू उभा असतो, त्यामुळे प्रत्यारोपणाचा धोका पत्करणं त्याला सोपं जातं. हात नसल्यानं माणूस मरत नाही. हा तरुण आज निरोगी आहे. प्रत्यारोपण झालं तर त्याची प्रतिकारशक्ती दाबून ठेवणारी औषधं त्याला जन्मभर घ्यावी लागतील आणि त्यांतून मधुमेह, रक्तदाब, मूत्रपिंडाची हानी, वारंवार होणारे संसर्ग, काही प्रकारचे कर्करोग यांचा धोका वाढेल. दोन हातांसाठी एवढं मोल द्यायचं का, हे कोणताही डॉक्टर त्याच्या वतीनं ठरवू शकत नाही.

सकाळी सात

नगर रस्त्यानं निघते. निघाल्याची वेळ वहीत लिहून ठेवते, कारण हा रस्ताही तपासायचा असतो. रक्तपुरवठा थांबल्यावर हाताचे स्नायू थोडेच तास तग धरतात. दाता मिळाल्याचा फोन आला की माणसानं ताबडतोब रुग्णालय गाठायला हवं. केंदूर पुण्यापासून सुमारे ५० किलोमीटर. पण वाघोलीची कोंडी, कोरेगाव भीमा आणि सणसवाडीतली शिफ्ट सुटण्याची वेळ, शिक्रापूरचा चौक, यांचा हिशेब किलोमीटरमध्ये होत नाही.

या पट्ट्यातून जाताना दोन्ही बाजूंना कारखाने दिसतात. पॉवर प्रेसखाली बोटं, पंजे गेलेले कामगार आमच्याकडे येतात. पुढे गावांमध्ये कडबाकुट्टी आणि मळणीयंत्रात हात गेलेले शेतकरी आणि शेतमजूर. एकच हात गेलेल्याला आम्ही अधिक सावधपणे सल्ला देतो. दुसऱ्या हातानं त्याचं बरंच काम भागतं, मग जन्मभराच्या औषधांचा धोका घेणं योग्य का, यावर जगभरच्या डॉक्टरांतही मतभेद आहेत. दोन्ही हात गेलेल्याची अडचण वेगळी असते.

शिक्रापूरच्या पाबळ चौकातून आत वळलं की कारखाने मागे पडतात.

सकाळी साडेनऊ

केंदूर हे संत कान्हूराज महाराज पाठक यांचं गाव. पाबळ-केंदूरचा हा भाग पर्जन्यछायेतला, पाण्यासाठी वर्षानुवर्षं मागणी करणारा. चैत्र आहे. रानात कांदा काढणी चालली आहे आणि उन्हाळ्यात पाण्याची ओढ सुरू झाली आहे.

वस्तीवरच्या घरी पोचल्यावर त्याची आई आधी पाणी देते. मी विचारते, "मावशी, पाणी कुठलं?" ती विहिरीचं नाव सांगते आणि पुढच्या महिन्यात टँकर लागेल असं म्हणते. मी वहीत लिहिते: पाणी उकळून प्यावं लागेल, वर्षभर, चुकता कामा नये. घराला लागून गोठा आहे, तीन गायी आहेत. पलीकडे कांद्याची चाळ. साठवलेल्या कांद्यावर धरणारी काळी बुरशी तुम्हा-आम्हाला फारसं काही करत नाही. प्रतिकारशक्ती दाबलेल्या माणसाच्या फुफ्फुसात बुरशीचा संसर्ग झाला, तर तो जिवावर बेतू शकतो. म्हणजे नवे हात लागले तरी चाळीत जायचं नाही, शेणात हात घालायचा नाही, धारेचं कच्चं दूध प्यायचं नाही, उन्हात उघड्या हातांनी राबायचं नाही. ज्याला शेती करण्यासाठीच हात हवे आहेत, त्याला हे आधी सांगायला हवं. रुग्णालयाच्या खोलीत बसून हे मला सुचलंही नसतं.

सकाळी साडेदहा

सगळे ओसरीवर बसतात. प्रत्येकानं आपल्याला काय वाटतं ते बोलावं, अशी मी विनंती करते. आईला मुलगा पुन्हा पहिल्यासारखा दिसायला हवा आहे. धाकट्या भावानं मोबाइलवर व्हिडिओ पाहिले आहेत, त्यात हात लागलेली माणसं चेंडू झेलतात. आबा, म्हणजे वडील, थोडा वेळ गप्प असतात. मग म्हणतात, "मॅडम, सही कुठं करायची तेवढं सांगा. बाकीचं डॉक्टर बघतील की."

हा विश्वास मोठा आहे आणि त्याचा मान ठेवूनच मला सांगावं लागतं, "आबा, तुमची सही चालणार नाही." त्यांना वाईट वाटतं. मग मी त्यांना समीरा कोहली यांच्या खटल्याची हकीकत सांगते. ४४ वर्षांची एक महिला तपासणीसाठी रुग्णालयात गेली होती. ती भुलीखाली असताना डॉक्टरांनी तिच्या आईची संमती घेतली आणि गर्भाशय काढून टाकलं. १६ जानेवारी २००८ रोजी सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला: रुग्ण सज्ञान होती, शुद्धीवर आल्यावर तिला विचारता आलं असतं, म्हणून आईची संमती ग्राह्य नाही. रुग्णाला उपचाराचं स्वरूप, हेतू, फायदे, मोठे धोके, दुसरे पर्याय आणि उपचार नाकारल्यास काय होईल हे सांगितलं पाहिजे, असंही त्या निकालानं स्पष्ट केलं.

आबा विचार करून म्हणतात, "म्हणजे त्यानंच ठरवायचं." हो, त्यानंच ठरवायचं. घरानं त्याला मदत करायची, ढकलायचं नाही.

सकाळी साडेअकरा

आता फक्त आम्ही दोघं, लिंबाच्या सावलीत. घरच्यांना मुद्दाम आत थांबवलं आहे. मी विचारते, "हात मिळाले तर तुम्हाला आधी काय करायचंय?"

तो खाली बघून बोलतो. त्याला संडासला जाऊन आल्यावर स्वतःची स्वच्छता स्वतः करायची आहे. दोन वर्षं ते बायको करते, कधी आई करते. हे त्यानं आजवर डॉक्टरांना सांगितलं नव्हतं, कारण कुणी विचारलं नव्हतं. व्हिडिओतल्या चेंडूपेक्षा ही इच्छा खूप खरी आहे आणि तिचा विचार करूनच बाकीचं सगळं बोलावं लागतं. दोन्ही हात नसलेल्या माणसाचं रोजचं जगणं ज्यानं जवळून पाहिलं आहे, तो या शस्त्रक्रियेला हौस म्हणणार नाही.

मग मी एकेक गोष्ट सावकाश सांगते. हाडं पट्ट्या लावून जोडतात, मग रक्तवाहिन्या, स्नायूंच्या कंडरा, नसा. दहा-पंधरा तास शस्त्रक्रिया चालते. त्या दिवशी हात हलत नाही, त्याला काही जाणवतही नाही. नस दिवसाला साधारण एक मिलिमीटर वाढते, म्हणजे कोपराखालून बोटांच्या टोकापर्यंत पोचायला बरेच महिने लागतात. गरम-थंड, टोचलेलं बहुतेकांना कळू लागतं. सुईत दोरा ओवण्याइतकी बारीक हालचाल येईलच असं नाही. वर्षभर तरी रोज कित्येक तास फिजिओथेरपी करावी लागते. पहिल्या वर्षात बहुतेकांना एकदा तरी शरीराकडून हात नाकारला जाण्याचा झटका येतो. त्वचेवर लाल चट्टे दिसतात आणि औषधं वाढवून तो बहुधा आटोक्यात येतो. नाहीच आला, तर हात काढावे लागतात आणि आज उरला आहे त्यापेक्षा कमी भाग उरू शकतो.

सांगून झाल्यावर मी कधीच "समजलं का?" असं विचारत नाही. त्याला सगळे "हो" म्हणतात. मी म्हणते, "हे तुमच्या बहिणीला फोनवर सांगायचं झालं तर कसं सांगाल?"

तो सांगतो, "हात बसवला तरी तो परका आहे हे माझ्या रक्ताला कळत राहणार. म्हणून रक्ताला गप्प करायच्या गोळ्या. पण रक्त गप्प बसलं की दुसऱ्या रोगांना वाट मोकळी. गुरं राखणारं कुत्रंच बांधून ठेवल्यासारखं."

इतक्या नेमकेपणानं मलाही कधी सांगता आलं नव्हतं. मी पुढे विचारते, "गोळ्या किती वर्षं?" तो म्हणतो, "दोन-चार वर्षं." रुग्णालयात हे त्याला सांगितलं होतं, फाइलमध्ये तशी नोंदही आहे. तरी मनात दोन-चार वर्षंच राहिली आहेत. मी पुन्हा सांगते: हात आहेत तोवर गोळ्या, दिवसातून दोनदा, ठरल्या वेळी. तो बराच वेळ काही बोलत नाही. या शांततेला मी घाई करत नाही.

दुपारी एक

जेवणाची वेळ होते. भाकरी, पिठलं, कांदा. बायको त्याला भरवते, मग स्वतः जेवते. भांडी आवरताना मी तिच्याशी बोलते. कायद्यानं तिच्या संमतीची गरज नाही, पण या निर्णयाचं अर्धं ओझं तिच्यावर पडणार आहे. काही महिने रुग्णालयाजवळ खोली घेऊन राहावं लागेल. लहान मुलगी कुणाकडे ठेवायची? गायींच्या धारा कोण काढणार? कांद्याचा एक हंगाम जाईल. "ताई, दुसऱ्या कुणाचे हात असतील ना?" ती हळूच विचारते. हा प्रश्न चुकीचा नाही. त्या हातांनी तिच्या मुलीला जवळ घेतलं जाणार आहे. मी तिला सांगते की तिनं हे नवऱ्याशी मोकळेपणानं बोलावं आणि हवं तर आमच्या मानसोपचारतज्ज्ञांशीही.

पैशाचं बोलणंही याच वेळी होतं. मुख्यमंत्री वैद्यकीय सहायता निधीच्या यादीत हाताचं प्रत्यारोपण आहे, शस्त्रक्रियेला त्यातून मदत मिळू शकते. अपघातात दोन अवयव गमावलेल्या शेतकऱ्याला गोपीनाथ मुंडे योजनेतून दोन लाख रुपये मिळतात, ते या घराला मिळाले आणि कर्जात गेले. पण औषधं आणि रक्ततपासण्या जन्मभराच्या आहेत. औषधं परवडली नाहीत म्हणून बंद केली, तर हात जातात. चीनमध्ये सुरुवातीच्या काळात हात मिळालेल्या काही रुग्णांची औषधं सुटली आणि त्यांना ते हात गमवावे लागले. म्हणून दरमहा किती लागतील हा आकडा मी कागदावर लिहून तिच्यापुढे ठेवते आणि घरखर्चाच्या शेजारी मांडायला सांगते.

दुपारी अडीच

पुन्हा सगळे एकत्र. आता दुसऱ्यांचे अनुभव सांगते, यशाचे आणि अपयशाचेही.

मोनिका मोरेचं नाव सगळ्यांना माहीत आहे. जानेवारी २०१४ मध्ये घाटकोपर स्थानकात लोकलच्या अपघातात तिचे दोन्ही हात गेले. काही वर्षं कृत्रिम हात वापरल्यावर ऑगस्ट २०२० मध्ये मुंबईच्या ग्लोबल रुग्णालयात डॉ. नीलेश सातभाई यांच्या पथकानं चेन्नईहून विमानानं आलेले हात तिला बसवले. पुण्याची अभियांत्रिकीची विद्यार्थिनी श्रेया सिद्दनगौडा हिला २०१७ मध्ये कोचीच्या अमृता रुग्णालयात एका तरुणाचे हात मिळाले. ती पुढे त्या हातांनी लिहू लागली. याच रुग्णालयात जानेवारी २०१५ मध्ये डॉ. सुब्रमणिय अय्यर यांच्या पथकानं भारतातलं पहिलं हात प्रत्यारोपण केलं होतं.

आणि क्लिंट हॅलम. सप्टेंबर १९९८ मध्ये फ्रान्समधल्या लिऑन शहरात डॉ. दुबेर्नार यांच्या पथकानं त्याला हात बसवला. हात जिवंत राहिला, हलू लागला. पण तो हात आपला आहे असं त्याला वाटेना. त्यानं औषधं सोडली आणि फेब्रुवारी २००१ मध्ये स्वतः मागणी करून तो हात काढून घेतला. शस्त्रक्रिया तांत्रिकदृष्ट्या जमली, माणसाची तयारी कमी पडली. त्यानंतर जगभरच्या पथकांनी मानसिक तपासणी आणि समुपदेशनाला शस्त्रक्रियेइतकंच महत्त्व द्यायला सुरुवात केली. आज मी केंदूरच्या ओसरीवर बसले आहे, त्यामागे तो अनुभव आहे.

दुसरे पर्यायही मांडते. पुण्यात १९४४ पासून कृत्रिम अवयव केंद्र आहे. रोटरीच्या शिबिरांत एलएन-४ नावाचा साधा हात मोफत मिळतो, त्यानं वस्तू धरता येते, सायकल चालवता येते. विजेवर चालणारे हात महाग आहेत. या कुठल्याच हाताला स्पर्श कळत नाही, पण त्यांना गोळ्याही लागत नाहीत. या तरुणानं एकही कृत्रिम हात नीट शिकून वापरलेला नाही. तो आधी वापरून पाहावा, मग ठरवावं, असं आमचं पथक आग्रहानं सांगतं.

दुपारी चार

आबा पुन्हा सहीचा विषय काढतात, "ह्याला तर सही करताच येत न्हाई, अंगठाबी न्हाई." खरं आहे. आपल्या १८९७ च्या सर्वसाधारण वाक्खंड अधिनियमात नाव लिहू न शकणाऱ्या माणसानं केलेली खूणही सही धरली आहे. आमच्याकडे असा माणूस पायाच्या अंगठ्याचा ठसा देतो. मजकूर त्याच्या भाषेत मोठ्यानं वाचला जातो, पथकाबाहेरचा साक्षीदार हजर असतो आणि रुग्ण स्वतःच्या शब्दांत काय समजलं ते सांगतो. त्याचं चित्रीकरण होतं. ठसा घ्यायला एक मिनिट पुरतं. त्याच्या आधीच्या बोलण्याला महिने लागतात, आणि लागू द्यावेत.

आज मी ठसा घेत नाही. मराठीतला फॉर्म घरी ठेवते. त्यावर माझा फोन नंबर आहे आणि ठळक अक्षरांत एक ओळ: अगदी शस्त्रक्रियागृहाच्या दारातूनही परत फिरता येतं, त्यामुळे पुढच्या उपचारात काहीही फरक पडणार नाही. तो ती ओळ धाकट्या भावाकडून दोनदा वाचून घेतो.

संध्याकाळी सहा

रुग्णालयात पथकाची बैठक. प्लास्टिक सर्जन, मूत्रपिंडतज्ज्ञ, मानसोपचारतज्ज्ञ, फिजिओथेरपिस्ट आणि मी. मी नोंदी वाचते: इच्छा प्रामाणिक, गोळ्यांच्या मुदतीबद्दल गैरसमज होता, पाण्याची आणि चाळीची व्यवस्था बदलावी लागेल, पत्नीला आधाराची गरज, कृत्रिम हात वापरलेला नाही. निर्णय होतो की इतक्यात नाव यादीत घालायचं नाही. आधी काही महिने कृत्रिम हाताचं प्रशिक्षण. त्यानंतर प्रत्यारोपण झालेल्या एखाद्या व्यक्तीशी त्याची भेट, डॉक्टरांच्या गैरहजेरीत. त्यानंतरही हवं असेल, तर पुढे.

याच बैठकीत दात्यांचा विषय निघतो. ते काम माझं नाही आणि ते तसंच असायला हवं. ज्यानं हात हवा असलेल्या माणसाच्या ओसरीवर भाकरी खाल्ली, त्यानं दुःखात बुडालेल्या घरात जाऊन हात मागू नये. १९९४ च्या अवयव प्रत्यारोपण कायद्याप्रमाणे मेंदूमृत्यूचं निदान चार डॉक्टर करतात, किमान सहा तासांच्या अंतरानं दोनदा. त्यांचा प्रत्यारोपणाशी संबंध नसतो. मग नातेवाइकांना प्रत्येक अवयवाबद्दल स्वतंत्र विचारलं जातं. मूत्रपिंड द्यायला तयार झालेलं घर हाताला नकार देतं, कारण हात दिसतो, त्या हातानं राखी बांधलेली असते. पुढच्या जन्मी हात मिळणार नाहीत ही भीतीही असते. हात काढल्यावर पार्थिवाला कृत्रिम हात लावून ते सन्मानानं सोपवलं जातं, हे त्यांना सांगितलं जातं. तरीही नकार आला, तर तोही मान्य केला जातो.

रात्री नऊ

त्याच्या बायकोचा फोन येतो. आज दोघं बराच वेळ बोलली, असं ती सांगते. त्यानं तिला तीन प्रश्न विचारून ठेवायला सांगितले आहेत. गोळ्या चालू असताना दुसरं मूल होऊ देता येईल का? मूत्रपिंड खराब झालं, तर गोळ्या थांबवता येतात का? हात नको म्हटलं, तर डॉक्टर रागावतील का?

पहिल्या दोन प्रश्नांसाठी मी डॉक्टरांची वेळ ठरवून देते. तिसऱ्याचं उत्तर लगेच देते: नाही.

वाचणाऱ्या प्रत्येकाला एवढंच सांगायचं आहे. आपल्यावर किंवा आपल्या माणसावर कुठल्याही मोठ्या शस्त्रक्रियेची वेळ आली आणि ती तातडीची नसेल, तर फॉर्म आदल्या रात्री मागून घ्या आणि आपल्या भाषेत मागा. हे केलं नाही तर काय होईल, दुसरा मार्ग कोणता, फसलं तर माझ्याकडे काय उरेल, नंतर किती वर्षं काय करावं लागेल, हे विचारा. रुग्ण सज्ञान असेल, तर त्याच्या वतीनं उत्तर देऊ नका, त्याला बोलू द्या. आणि सगळं समजून घेऊन कुणी "नको" म्हणालं, तर त्याला भित्रा म्हणू नका. समजून दिलेला नकार हा समजून दिलेल्या होकाराइतकाच पुरता निर्णय असतो.